दिग्दर्शक, चित्रकार आणि वस्तू : तादेऊश कांतोर यांची समांतर कलासाधना

प्रस्तावना

नाट्यदिग्दर्शक हा मुळातच दृश्याची रचना करणारा कलावंत असतो. रंगावकाश, नटांच्या हालचाली, प्रकाश, वेशभूषा आणि वस्तू यांची सांगड घालणे हे त्याचे काम होय. असे असले तरी नाट्यसमीक्षेत त्याचा विचार प्रामुख्याने संहितेचा अन्वयार्थ लावणारा म्हणूनच होत आला आहे. दिग्दर्शक चित्रेही काढत असेल तर त्या चित्रांची नोंद चरित्रातील एखाद्या परिच्छेदात, बहुधा छंद म्हणून होते. उलटपक्षी चित्रकलेच्या इतिहासात नाटकाशी संबंध असलेल्या चित्रकाराची रवानगी नेपथ्यकारांच्या रकान्यात केली जाते. या दोन्ही रकान्यांत न मावणारे एक ठळक नाव म्हणजे पोलिश कलावंत तादेऊश कांतोर (१९१५-१९९०) हे होय.

कांतोर यांनी सुमारे पन्नास वर्षे चित्रे काढली, वस्तुरचना केल्या, हॅपनिंग्ज घडवून आणली आणि त्याच काळात नाटके दिग्दर्शित केली. या कामाला 'समांतर' म्हणण्याचा प्रघात आहे. तथापि समांतर रेषा एकमेकींना कधीच छेदत नाहीत. कांतोर यांच्या बाबतीत मात्र त्या पुनःपुन्हा छेदताना दिसतात आणि ज्या बिंदूवर छेदतात तेथे नेहमी एखादी वस्तू असते : चिखलाने माखलेले चाक, छत्री, शाळेतला बाक, छायाचित्रकाराचा कॅमेरा, रिकामी चौकट. या वस्तूंच्या आधारे त्यांच्या दोन्ही क्षेत्रांतील कामाचा परस्परसंबंध स्पष्ट करणे आणि दिग्दर्शकाच्या पश्चात अशा वस्तूंचे काय होते या प्रश्नाचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

येथे एका संज्ञेचा खुलासा आवश्यक आहे. चित्र किंवा शिल्प समोरून अथवा सभोवताली फिरून पाहिले जाते. 'मांडणशिल्प' या प्रकारात मात्र संपूर्ण जागाच कलाकृतीचा भाग होते आणि पाहणारा त्या जागेत वावरतो. ही संज्ञा रूढ होण्यापूर्वीच कांतोर या प्रकारचे काम करू लागले होते. त्यांनी ते रंगमंचावर केले की कलादालनात, हा भेद त्यांच्यापुरता गौण होता.

जडणघडण

कांतोर यांचा जन्म ६ एप्रिल १९१५ रोजी व्येलोपोले या लहानशा गावी झाला. आग्नेय पोलंडमधील हे गाव त्या वेळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात मोडत होते. गावात कॅथलिक आणि ज्यू अशा दोन्ही समाजांची वस्ती होती; एका बाजूला चर्च तर दुसऱ्या बाजूला सिनेगॉग होते. वडील शिक्षक होते. ते पहिल्या महायुद्धावर गेले आणि पुढे कुटुंबात परतले नाहीत. आईच्या नात्यातील एका धर्मगुरूंच्या घरी कांतोर यांचे बालपण गेले. वडिलांचा मृत्यू १९४२ मध्ये आउशवित्सच्या छळछावणीत झाला. गावातील ज्यू समाजही नाझी राजवटीत नष्ट करण्यात आला. या तपशिलांना केवळ चरित्रात्मक महत्त्व नाही. पुढे साठीच्या उंबरठ्यावर असताना कांतोर ज्या विषयाकडे वळले आणि अखेरपर्यंत ज्यातून बाहेर पडले नाहीत, त्याची मुळे येथे आहेत.

क्राकूव येथील ललितकला अकादमीत १९३४ ते १९३९ या काळात त्यांचे शिक्षण झाले. तेथे कारोल फ्रिच या नामवंत नेपथ्यकारांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. म्हणजेच चित्रकलेचे आणि रंगभूमीचे संस्कार त्यांच्यावर एकाच छताखाली झाले. विद्यार्थिदशेतच, १९३८ मध्ये, त्यांनी माटरलिंक यांच्या एका नाटकाचा बाहुल्यांच्या साहाय्याने प्रयोग केला. निर्जीव आकृतीने सजीव नटाची जागा घेणे ही कल्पना त्यांच्या पहिल्याच प्रयोगात होती, ही बाब लक्षणीय आहे.

युद्धकाळ आणि 'दीन' वस्तू

१९३९ मध्ये जर्मनीने पोलंड व्यापल्यानंतर पोलिश उच्च शिक्षणसंस्था बंद करण्यात आल्या आणि स्वतंत्र सांस्कृतिक कार्य हा अपराध ठरला. अशा परिस्थितीत कांतोर यांनी तरुण चित्रकारांना एकत्र करून गुप्त रंगभूमी चालवली. प्रयोग खासगी घरांत होत. प्रेक्षक मोजके असत आणि पकडले गेल्यास नट व प्रेक्षक या दोघांनाही छावणीची अथवा मृत्यूची भीती होती.

१९४४ मध्ये त्यांनी विस्प्यान्स्की या पोलिश नाटककाराचे 'ओडिसियसचे पुनरागमन' हे नाटक बसवले. ग्रीक पुराणातील हा नायक ट्रॉयच्या युद्धानंतर इथाका या आपल्या बेटावर परततो. कांतोर यांच्या प्रयोगात इथाका नव्हते. युद्धात उद्ध्वस्त झालेली एक खोली होती. तिच्यात चिखलाने माखलेले गाडीचे चाक, कुजलेली फळी, घोडीवर टेकवलेली तोफेची नळी आणि ध्वनिक्षेपक अशा वस्तू होत्या. ओडिसियस सैनिकाचा विटका ओव्हरकोट आणि जर्मन शिरस्त्राण घालून आला. बाहेर रस्त्यावर त्याच वेशातले सैनिक फिरत असताना प्रेक्षक हे पाहत होते.

या प्रयोगात नेपथ्य रूढ अर्थाने नव्हतेच. नेपथ्यातील वस्तू सामान्यतः दुसऱ्या कशाचे तरी सोंग घेते. पुठ्ठ्याचा खांब दगडी खांब असल्याचे भासवतो. येथील चाक हे चाकच होते. ते कशाचेही प्रतीक म्हणून आणलेले नव्हते. त्याचा उपयोग संपला होता, ते टाकून दिलेले होते आणि म्हणूनच कांतोर यांना ते हवे होते. अशा वस्तूंना त्यांनी पुढे 'सर्वांत खालच्या दर्जाचे वास्तव' असे संबोधले. कचराकुंडी आणि चिरंतनता यांच्या सीमेवर उभी असलेली वस्तू, असा त्यांच्या विचाराचा आशय सांगता येईल. वस्तू जोपर्यंत उपयुक्त असते तोपर्यंत तिच्या उपयोगापलीकडे कोणी पाहत नाही. उपयोग संपला की ती प्रथमच वस्तू म्हणून दिसू लागते.

येथे मार्सेल द्यूशाँ यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्यांनी १९१७ मध्ये बाजारात मिळणारे मूत्रपात्र कलाकृती म्हणून प्रदर्शनासाठी पाठवले होते. परंतु द्यूशाँ यांची वस्तू नवी, कारखान्यातून आलेली आणि जाणीवपूर्वक तटस्थपणे निवडलेली होती. कांतोर यांची वस्तू वापरून झिजलेली, माणसाचा हात लागलेली आणि संकटात सापडलेली आहे. तिच्या निवडीत तटस्थता नाही.

चित्रफलकावरून वेष्टनाकडे

युद्धानंतर कांतोर यांनी पॅरिसचा प्रवास केला आणि १९४८ मध्ये क्राकूव येथे भरलेल्या आधुनिक कलेच्या पहिल्या मोठ्या प्रदर्शनाच्या आयोजनात पुढाकार घेतला. १९४९ मध्ये समाजवादी वास्तववाद हे पोलंडच्या शासनाचे अधिकृत कलाधोरण झाले. कांतोर यांनी त्या चौकटीत चित्रे प्रदर्शित करण्याचे नाकारले. त्यांचे अकादमीतील अध्यापनाचे पद गेले. या वर्षांत उपजीविकेसाठी त्यांनी सरकारी नाट्यगृहांची नेपथ्ये केली. चित्रे मात्र घरातच राहिली. १९५५ नंतर राजकीय वातावरण निवळू लागताच ते पुन्हा पॅरिसला गेले. रंगांचे ओघळ, डाग आणि थर यांतून आकार घेणाऱ्या अनाकार चित्रशैलीचा त्यांच्यावर त्या वेळी खोल परिणाम झाला. १९५९ मध्ये जर्मनीतील कासेल येथील 'डॉक्युमेंटा' या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्यांचा चित्रकार म्हणून सहभाग होता.

अनाकार चित्रशैली ही लवकरच सर्वत्र एक सुरक्षित रीत बनली आणि कांतोर तिच्यापासून दूर झाले. १९६० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी 'आंबालाज' ही कल्पना पुढे आणली. या फ्रेंच शब्दाचा अर्थ वेष्टन असा आहे. पिशवी, पाकीट, गाठोडे, पुडके या वस्तू अत्यंत क्षुद्र आहेत; आतली वस्तू काढून घेतली की त्या फेकल्या जातात. परंतु जोपर्यंत त्या बंद आहेत तोपर्यंत त्या काहीतरी जपत, लपवत आणि वाहून नेत असतात. कांतोर यांनी चित्रफलकावर खऱ्या पिशव्या, कपडे आणि मोडक्या छत्र्या चिकटवल्या. यांपैकी छत्री ही त्यांची जणू ओळखच झाली.

१९६३ मध्ये क्राकूव येथील क्शिश्तोफोरी कलादालनात त्यांनी एक प्रदर्शन भरवले. ते 'लोकप्रिय प्रदर्शन' किंवा 'प्रतिप्रदर्शन' या नावाने ओळखले जाते. पूर्ण झालेल्या चित्रांऐवजी तेथे रेखाटने, टिपणे, पत्रे, तिकिटे, वेशभूषेचे नमुने अशा नऊशेहून अधिक गोष्टी दोऱ्यांवर टांगलेल्या होत्या. प्रेक्षकाला त्यांतून वाट काढत जावे लागे. कलाकृतीपेक्षा तिच्यामागचा पसारा अधिक सत्य असतो, असा या मांडणीचा अर्थ होता. मांडणशिल्पाच्या पोलिश इतिहासात या प्रदर्शनाचे स्थान आरंभीचे आहे आणि त्यात चित्रकलेची व रंगभूमीची सामग्री एकाच दोरीवर लटकत होती.

क्रिको-२ : चित्रकारांची रंगभूमी

१९५५ मध्ये कांतोर यांनी मारिया यारेमा या चित्रकर्त्री-शिल्पकर्त्रीसह इतर सहकाऱ्यांना घेऊन 'क्रिको-२' ही नाट्यसंस्था स्थापन केली. १९३० च्या दशकात क्राकूवमध्ये चित्रकारांनी चालवलेल्या 'क्रिको' या रंगभूमीची परंपरा त्यामागे होती. हे नाव उलट वाचले असता 'ही तर सर्कस' अशा अर्थाचे पोलिश शब्द मिळतात. संस्थेत व्यावसायिक नटांच्या जोडीला चित्रकार आणि हौशी कलावंत होते, तर तिचे प्रयोग नाट्यगृहापेक्षा कलादालनात व तळघरात अधिक झाले.

१९५६ ते १९७३ या काळात संस्थेने प्रामुख्याने वित्क्येविच यांची नाटके केली. ती संहितेबरहुकूम मात्र नव्हती. संहिता आणि रंगमंचावरील क्रिया या दोन स्वतंत्र गोष्टी असून त्यांनी एकमेकींचे स्पष्टीकरण करता कामा नये, असे कांतोर यांचे म्हणणे होते. १९६१ च्या प्रयोगात नटांना एका अरुंद कपाटात कोंबण्यात आले. तेथे ते टांगलेल्या कपड्यांमध्ये कपड्यांसारखेच लोंबत राहिले. १९६३ च्या प्रयोगात घडीच्या खुर्च्यांचा ढीग रचून त्याचे एक यंत्र करण्यात आले होते; ते हलू लागले की नटांना बोलायला जागाच उरत नसे. १९६७ च्या 'पाणकोंबडी' या प्रयोगात पाठीवर बोचकी, पिशव्या आणि सामान वाहणारे भटके प्रवासी आले. चित्रफलकावरील वेष्टने येथे माणसांच्या पाठीवर चढलेली दिसतात. घर हरवलेला माणूस आपले उरलेसुरले जग गाठोड्यात बांधून चालू लागतो, हे युद्धोत्तर युरोपातील वास्तव आंबालाजच्या कल्पनेत आधीपासून होतेच. रंगमंचावर ते देहधारी झाले.

याच काळात पोलंडमध्ये ग्रोटोव्स्की यांची 'दीन रंगभूमी' आकाराला आली होती. मराठी रंगकर्मींना ती अधिक परिचित आहे. दोघांच्याही विचारात 'दीन' हा शब्द आहे. परंतु दिशा परस्परविरुद्ध आहेत. ग्रोटोव्स्की यांनी वेशभूषा, प्रकाश, नेपथ्य यांतील अनावश्यक ते सर्व दूर करून नटाचा देह आणि आत्मा यांवर भर दिला. कांतोर यांनी दैन्य नटात नव्हे तर वस्तूत शोधले आणि नटाला त्या वस्तूच्या पातळीवर आणले. त्यांच्या रंगभूमीत नट आणि मोडके कपाट यांचा दर्जा समान आहे. एका चित्रकाराने दिग्दर्शन केल्याचा हा थेट परिणाम होय. कारण चित्रात माणसाची आकृती आणि खुर्चीची आकृती यांना सारख्याच रंगद्रव्याने घडवलेले असते.

हॅपनिंग : दोहोंच्या मधला प्रदेश

चित्र आणि नाटक यांच्या सीमेवरील 'हॅपनिंग' या प्रकारात ठरीव कथानक नसते. ठरवलेली कृती प्रत्यक्ष जगात घडवली जाते. पोलंडमध्ये या प्रकाराचा आरंभ करणाऱ्यांत कांतोर यांची गणना होते. जानेवारी १९६७ मध्ये वॉर्सा येथे त्यांनी सुमारे १४ मीटर लांबीचे एक पत्र तयार केले. खऱ्या पोस्टमननी ते खांद्यावर घेऊन टपाल कार्यालयातून रस्त्याने फोक्साल कलादालनापर्यंत नेले. तेथे वाट पाहणाऱ्या जमावाने अखेरीस ते पाकीट फाडून नष्ट केले. पाकीट हे वेष्टनच होते. फरक इतकाच की ते आता भिंतीवर नसून शहरातून चालत होते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बाल्टिक समुद्रकिनारी 'सागरी हॅपनिंग' झाले. पाण्यात उभारलेल्या चौथऱ्यावर काळा टेलकोट घातलेला एक माणूस प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहिला आणि वाद्यवृंदाला हाताच्या इशाऱ्यांनी चालवावे तसा लाटांना इशारे देऊ लागला. पुढे १९६८ मध्ये जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे कांतोर यांनी रेम्ब्राँ यांच्या १६३२ सालच्या 'डॉ. टुल्प यांचा शरीरशास्त्राचा धडा' या प्रसिद्ध चित्राची जिवंत पुनर्रचना केली. मूळ चित्रात मृतदेहाचे विच्छेदन चालले आहे. कांतोर यांनी देहाऐवजी त्यावरील कपडे कापले आणि खिशांतून निघालेल्या क्षुल्लक वस्तू बाहेर काढून दाखवल्या. माणसाच्या अंतरंगाचा शोध त्याच्या खिशात घेण्याची ही रीत त्यांच्या एकूण कलाविचाराचा सारांश मानता येईल.

'मृत वर्ग'

१९७१-७२ च्या सुमारास समुद्रकाठच्या एका गावी कांतोर यांनी एका रिकाम्या शाळेच्या खिडकीतून आत पाहिले. ओळीने मांडलेले बाक त्यांना दिसले. या अनुभवातून निर्माण झालेले 'मृत वर्ग' हे नाटक नोव्हेंबर १९७५ मध्ये क्शिश्तोफोरी कलादालनाच्या तळघरात सादर झाले. त्याने कांतोर यांना जागतिक ख्याती मिळवून दिली. १९७६ मध्ये आंद्रेय वायदा यांनी या प्रयोगावर चित्रपट केला.

नाटकात कथा अशी नाही. काळ्या कपड्यांतील म्हातारी माणसे जुन्या वर्गात परत येतात आणि जीर्ण लाकडी बाकांवर बसतात. त्यांच्या पाठीवर, कडेवर, अंगाला लटकलेले लहान मुलांचे पुतळे आहेत. ते पुतळे म्हणजे त्यांचेच मेलेले बालपण. धड्यातील प्रश्न, अर्धवट पाठ केलेली उत्तरे, एका जुन्या वॉल्ट्झचे वारंवार उसळणारे सूर, शवपेटीसारखा दिसणारा यांत्रिक पाळणा, सायकलला बिलगलेला म्हातारा असे सर्व एकमेकांत मिसळत राहते. वित्क्येविच, गोंब्रोविच आणि ब्रूनो शुल्त्स या पोलिश लेखकांच्या साहित्यातील अंश त्यात आहेत. परंतु प्रेक्षकाच्या मनात राहतात ते बाक.

याच वर्षी लिहिलेल्या 'मृत्यूची रंगभूमी' या जाहीरनाम्यात कांतोर यांनी आपली भूमिका मांडली. इंग्रज रंगकर्मी गॉर्डन क्रेग यांनी नटाच्या जागी 'महाबाहुली' यावी असे सुचवले होते. कांतोर यांना नटाला हद्दपार करायचे नव्हते. पुतळा हा नटाचा पर्याय नसून आदर्श आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुतळा हुबेहूब माणसासारखा दिसतो आणि तरी त्यात जीव नसतो; या विसंगतीमुळे पाहणाऱ्याला मृत्यूची जाणीव होते. नटानेही प्रेक्षकांसमोर असेच उभे राहावे : अगदी त्यांच्यासारखे आणि तरीही अनंत अंतरावर.

या प्रयोगाचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे खुद्द कांतोर यांची रंगमंचावरील उपस्थिती. काळ्या सुटात ते पूर्ण वेळ बाकांजवळ वावरत. हाताच्या इशाऱ्याने लय वाढवत, एखाद्या नटाला थांबवत, एखादी वस्तू सरकवत. ते पात्र नव्हते आणि प्रेक्षकही नव्हते. चित्रकार काम चालू असताना चित्रासमोर जसा उभा असतो तसे ते उभे असत. चित्र पूर्ण झाले की चित्रकार बाजूला होतो. कांतोर यांचे चित्र मात्र दररोज पुन्हा रंगवले जात होते. म्हणून त्यांना बाजूला होणे शक्य नव्हते.

स्मृतीची खोली आणि चित्राची चौकट

१९८० मध्ये इटलीतील फ्लॉरेन्स येथे 'व्येलोपोले, व्येलोपोले' हे नाटक सादर झाले. शीर्षकात जन्मगावाचे नाव दोनदा येते. कांतोर येथे आपल्या बालपणीची खोली उभी करू पाहतात. धर्मगुरू, आई, सैनिकी वेशातील वडील, मामा-मावश्या, सैन्याची तुकडी अशी मंडळी येतात, मरतात आणि पुन्हा येतात. खोली मात्र पूर्णपणे जमत नाही; कारण स्मृतीत वस्तू सलग नसतात, त्या उघडझाप करत राहतात. यातील सर्वांत भेदक वस्तू म्हणजे छायाचित्रकाराच्या विधवेचा कॅमेरा. युद्धावर निघालेल्या तुकडीचे सामूहिक छायाचित्र घेत असतानाच त्या कॅमेऱ्याची मशीनगन होते. छायाचित्र क्षणाला जपते आणि त्याच वेळी त्याला मारते, हा विचार कोणत्याही संवादाविना एका वस्तूच्या रचनेतून व्यक्त झाला आहे. ही वस्तू आज प्रदर्शनात पाहिली तरी शिल्प म्हणून स्वयंपूर्ण वाटते.

१९८० च्या दशकात कांतोर पुन्हा जोमाने चित्रकलेकडे वळले. या चित्रांत ते स्वतः आहेत : चौकटीत अडकलेले, चौकटीतून बाहेर पडू पाहणारे, खाटेवर पडलेले. स्पॅनिश चित्रकार वेलाझ्केझ यांनी रंगवलेली राजकन्या मार्गारीता त्यांच्या कामात १९६० च्या दशकापासून होती. आता ती त्यांच्या खोलीत प्रवेश करताना दिसू लागली. १९८७ मध्ये 'डॉक्युमेंटा'त त्यांनी 'प्रेम आणि मृत्यूचे यंत्र' ही लहान नाट्यकृती सादर केली. ज्या प्रदर्शनात १९५९ मध्ये ते चित्रे घेऊन गेले होते, तेथेच २८ वर्षांनी ते रंगभूमी घेऊन गेले.

शेवटचे नाटक 'आज माझा वाढदिवस' हे दोन्ही प्रवाहांच्या संगमाचे स्थळ ठरले. रंगमंचावर मोठ्या चित्रचौकटी उभ्या आहेत. त्यांतून राजकन्या बाहेर येते, कलावंताचे आत्मचित्र बोलू लागते, यारेमा आणि योनास श्टेर्न हे दिवंगत चित्रकार-मित्र येतात. स्टालिनच्या राजवटीत १९४० मध्ये ठार मारले गेलेले रशियन दिग्दर्शक मेयरहोल्ड येतात. चौकटीच्या आत चित्र आणि बाहेर खोली, ही विभागणी येथे मोडून पडते. या नाटकाच्या तालमी चालू असतानाच ८ डिसेंबर १९९० रोजी कांतोर यांचे निधन झाले. जानेवारी १९९१ मध्ये फ्रान्समधील तुलूझ येथे प्रयोग झाला, तेव्हा रंगमंचावरील त्यांची खुर्ची रिकामी ठेवण्यात आली होती.

दिग्दर्शकाच्या पश्चात

या रिकाम्या खुर्चीने एक प्रश्न उभा केला. लिखित नाटक नाटककाराच्या मृत्यूनंतर नव्याने बसवता येते. चित्रही चित्रकाराशिवाय टिकते. परंतु ज्या प्रयोगात दिग्दर्शकाची प्रत्यक्ष उपस्थिती हाच घटक होता, तो त्याच्याविना कसा व्हावा? क्रिको-२ ने हे अखेरचे नाटक काही काळ विविध देशांत केले. त्यानंतर संस्थेचे काम थांबले. मागे उरल्या त्या वस्तू.

कांतोर यांना या अडचणीची पूर्वकल्पना असावी असे मानण्यास जागा आहे. १९८० मध्येच त्यांनी क्राकूव येथे 'क्रिकोतेका' हे संग्रह-केंद्र सुरू केले होते आणि ते 'जिवंत दप्तरखाना' व्हावे अशी त्यांची अपेक्षा होती. बाक, पुतळे, यंत्रे, वेशभूषा, टिपणे आणि ध्वनिचित्रमुद्रणे तेथे जतन करण्यात आली. सप्टेंबर २०१४ मध्ये व्हिस्टुला नदीकाठी, जुन्या वीजकेंद्राच्या वास्तूवर उभारलेल्या नव्या इमारतीत ते स्थलांतरित झाले.

संग्रहालयाच्या दालनात या वस्तू पाहणे हा मूळ प्रयोगाहून निराळा अनुभव आहे. जो बाक प्रयोगात नटांच्या वजनाने करकरत होता, तो आता प्रकाशझोतात स्वच्छ उभा आहे. त्याला हात लावता येत नाही. कचराकुंडीच्या कडेवरून उचललेल्या वस्तूला जतनाचे, तापमानाचे आणि विम्याचे नियम लागू झाले आहेत. वस्तूचे दैन्य हेच जर तिचे सामर्थ्य असेल तर प्रतिष्ठेमुळे ते उणावते, असा आक्षेप घेता येतो आणि तो निराधार नाही.

तथापि या आक्षेपाला दुसरी बाजू आहे. कांतोर यांनी रंगमंचासाठी केलेल्या वस्तू त्यांनी स्वतःच प्रदर्शनांत मांडल्या होत्या. त्यांना केवळ रंगसामग्री समजणे त्यांना मान्य नव्हते. शिवाय रिकामे बाक पाहण्याचा अनुभव हा 'मृत वर्ग' या नाटकाच्या उगमाशी जुळणारा आहे. खिडकीतून रिकाम्या वर्गात पाहणाऱ्या कांतोर यांच्या जागी आता प्रेक्षक उभा असतो. नट गेले, दिग्दर्शक गेला. ज्या अभावातून नाटक जन्मले होते त्या अभावाकडे वस्तू परत आल्या. चित्रफिती आणि छायाचित्रे यांच्या साहाय्याने पाहणाऱ्याला उरलेले काम स्वतःच्या स्मृतीने करावे लागते. क्राकूवच्या राकोवित्स्की दफनभूमीत कांतोर आणि त्यांची आई यांच्या कबरीवरही बाकावर बसलेल्या मुलाचे शिल्प आहे. तेथे ते नाटकाचा अवशेष, शिल्प की स्मारक, हे ठरवणे कठीण आहे आणि ठरवण्याची आवश्यकताही नाही.

समारोप

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, कांतोर यांची चित्रकला ही रंगभूमीची पूर्वतयारी नव्हती आणि रंगभूमी ही चित्रकलेचे प्रात्यक्षिक नव्हते. दोन्ही क्षेत्रांत ते एकच प्रश्न विचारत होते : उपयोग संपलेल्या वस्तूला आणि मरण पावलेल्या माणसाला कलेत कोणते स्थान आहे? दुसरी अशी की, या प्रश्नाची निकड त्यांना कलाविषयक सिद्धान्तातून नव्हे, तर युद्धाने आणि संहाराने रिकाम्या केलेल्या खोल्यांतून आली. ज्या गावातील अर्धे घर कायमचे बंद झाले, त्याच्या आठवणीसाठी पूर्ण, नीटनेटकी कलाकृती अपुरीच ठरली असती.

तिसरी गोष्ट अभ्यासपद्धतीशी संबंधित आहे. दिग्दर्शकाच्या कार्याचा अभ्यास बहुधा संहिता, समीक्षणे आणि मुलाखती यांच्या आधारे केला जातो. प्रयोग संपल्यावर रंगसामग्री गोदामात जाते किंवा मोडीत निघते. कांतोर यांच्या उदाहरणावरून असे दिसते की, एखाद्या दिग्दर्शकाचा विचार शब्दांपेक्षा वस्तूंमध्ये अधिक शिल्लक असू शकतो. त्या वस्तू, त्यांची रेखाटने आणि त्यांच्या मांडणीच्या नोंदी जपल्या गेल्या तरच पुढील अभ्यासकाला त्या विचारापर्यंत पोहोचता येईल. नाटकाची बॅग कोठे ठेवली आहे, हा प्रश्न नाट्येतिहासाच्या अभ्यासकानेही विचारला पाहिजे.